मुलुंडमध्ये मी रोम होतो

सरकारी नोकरीत माणसाचं काय काय होईल याचा नेम नाही. मी सहकार खात्यात कारकून म्हणून लागलो, सहकार अधिकारी म्हणून निवृत्त झालो आणि त्याआधीची बरीच वर्षं रोम होतो. पहिल्या दोन गोष्टींची नोंद पेन्शनच्या कागदांत आहे. तिसरीची कुठेच नाही, म्हणून ती इथे सांगून टाकतो.

आमचं काम काय असतं ते आधी सांगायला हवं. सहकार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे साखर कारखाना येतो. उपनगरांत ऊस कुठला? आमच्या वाट्याला आल्या हौसिंग सोसायट्या. साठ-सत्तरच्या दशकांत अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड इथल्या भातखाचरांवर धडाधड इमारती उठत होत्या. बिऱ्हाडं एकत्र यायची, जमीन घ्यायची, सोसायटी काढायची. कायदा सांगे की सोसायटीने आपले पोटनियम करावेत, ते आमच्याकडून मंजूर करून घ्यावेत, सभासदांनी कमिटी निवडावी, वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा भरवावी आणि गुण्यागोविंदाने राहावं. यातलं शेवटचं जमलं नाही की लोक आमच्या घाटकोपरच्या कचेरीत येत. म्हणजे सगळेच येत.

नमुने असे भेटले की विचारू नका. पार्ल्याच्या एका सोसायटीत चेअरमन आणि सेक्रेटरी हे नवरा-बायको होते. त्यांचं भांडण झालं, बोलणं बंद पडलं आणि घरातला सगळा व्यवहार जिन्यातल्या नोटीस बोर्डावर सुरू झाला. ‘चेअरमन यांना कळविण्यात येते की त्यांच्या मातोश्री रविवारी येत आहेत.’ त्याखाली दुसऱ्या दिवशी, ‘सेक्रेटरी यांनी सदर विषय पुढील सभेत मांडावा.’ सभासद जाता-येता थांबून वाचत. सोसायटीच्या कारभारात लोकांना इतका रस मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. आमच्याकडे तक्रार आली ती दोघांचं जमलं आणि बोर्ड कोरा पडला तेव्हा.

बोरिवलीत तर चेअरमन व्हायला कुणी तयारच नव्हतं. शेवटी त्यांनी जो सभेला आला नव्हता त्यालाच निवडून दिलं. पुढच्या वर्षी सभेला झाडून सगळे हजर. एका आजोबांना खुर्चीसकट उचलून आणलं होतं. गणपूर्तीचा प्रश्न आमच्या खात्याला कधी सुटला नव्हता, तो त्या लोकांनी एका फटक्यात सोडवला.

पण मुलुंडच्या त्या सोसायटीची गोष्ट वेगळी. तिचं नाव सांगत नाही. सभासद अजून आहेत, आणि अजून भांडतात.

तिच्या दोन इमारती होत्या. पुढची रस्त्याला लागून, मागची डोंगराच्या अंगाला. पुढच्या इमारतीत बहुतेक मराठी माणसं, बँकेतली, पोस्टातली, शाळेतली. मागच्या इमारतीत बहुतेक कच्छी आणि गुजराती, कुणाचं धान्याचं दुकान, कुणाचं भांड्यांचं. मधल्या अंगणात एक विहीर, आणि विहिरीला खेटून एक कौलारू घर. त्या घरात फिलोमिनाबाई एकट्या राहायच्या. त्या मुलुंडच्या जुन्या ख्रिस्ती गावकऱ्यांपैकी. सगळी जमीन मुळात त्यांचीच, पूर्वी तिथे त्यांचा भात पिकायचा. त्यांच्या नवऱ्याने जमीन सोसायटीला विकली ती या बोलीवर, की बाई सभासद राहतील आणि घर व विहीर त्यांच्याकडे राहील. बोली तोंडी झाली होती. खरेदीखतात तिचा मागमूस नव्हता, आणि नवरा तर देवाघरी गेला होता.

दोन्ही इमारतींचं पहिल्या दिवसापासून वाकडं. पुढचे संख्येने थोडे जास्त, त्यामुळे दर निवडणुकीत चेअरमन त्यांचा, सेक्रेटरी त्यांचा. मागच्यांनी मग सभेला येऊन नुसतं मोठ्याने खोकायचं असा निषेध सुरू केला. अशा वेळी पुढच्या इमारतीतले नाडकर्णी परदेशातून परत आले.

नाडकर्णी आग्रा रोडवरच्या एका कारखान्यात फोरमन होते. कारखान्याने त्यांना भट्टीचं काम शिकायला इटलीत बोल्झानो नावाच्या गावी पाठवलं होतं. लोक परदेशातून कॅमेरा आणतात, सेंटच्या बाटल्या आणतात. नाडकर्णींनी घटना आणली.

ती काय भानगड आहे हे मी पुढे त्यांच्याच तोंडून इतक्या वेळा ऐकलं की झोपेतही सांगेन. इटलीच्या उत्तरेला, आल्प्सच्या कुशीत, एक प्रांत आहे. त्याचे दोन भाग. खालचा त्रेन्तो, तिथे इटालियन बोलणारे लोक. वरचा बोल्झानो, तिथे जास्त करून जर्मन बोलणारे, जे पूर्वी ऑस्ट्रियात होते आणि पहिल्या महायुद्धानंतर इटलीत आले. दोघांचं पटत नाही. तेव्हा त्यांनी नियम असा केला की विधानसभेची मुदत चार वर्षांची, तर पहिली दोन वर्षं सभा त्रेन्तोत भरणार, पुढची दोन बोल्झानोत. अध्यक्षही पहिली दोन वर्षं इटालियन, नंतरची दोन जर्मन. अंदाजपत्रक मंजूर व्हायचं तर दोन्ही भागांच्या आमदारांचं वेगवेगळं बहुमत पाहिजे. ते झालं नाही तर प्रकरण रोमला, केंद्र सरकारकडे. शिवाय डोंगरदऱ्यांत लादिन नावाचे थोडेसे तिसरेच लोक राहतात, त्यांची भाषाही तिसरीच.

नाडकर्णींनी हे सगळं सर्वसाधारण सभेत मांडलं. सगळ्यांना ते लगेच पटलं. पुढच्यांना वाटलं मागच्यांना लगाम बसला, मागच्यांना वाटलं पुढच्यांना बसला. ठराव झाला, पुढची इमारत म्हणजे त्रेन्तो, मागची म्हणजे बोल्झानो. आता लादिन कोण? सगळ्यांनी खिडकीतून खाली पाहिलं. फिलोमिनाबाई अंगणात कोंबड्यांना कण्या टाकत होत्या. त्यांना कमिटीवर एक जागा मिळाली आणि वर एक खास कलम, की तिसऱ्या घराबद्दलचा कोणताही निर्णय तिसऱ्या घराच्या संमतीशिवाय होणार नाही.

“हे कलम बोल्झानोत आहे?” मी नाडकर्णींना नंतर विचारलं होतं.

“छे! तिथे त्या बिचाऱ्या लादिन लोकांना कोण विचारतो? आपण सुधारणा केली, साहेब. इटलीच्या पुढे गेलो.”

हे पोटनियम आमच्या कचेरीत मंजुरीला आले तेव्हा तिथे माझ्या आधीचे अधिकारी होते. त्यांनी ते वाचले, मंजूर केले नाहीत, नामंजूरही केले नाहीत, फाईलमध्ये लावले आणि बदली होऊन गेले. मी खुर्चीवर बसलो तोवर सोसायटी या कायद्याने चालायलाही लागली होती.

आणि झकास चालली होती हो. निवडणुकीला दोन मतदारयाद्या, पुढच्यांनी पुढचे निवडायचे, मागच्यांनी मागचे. जिन्यांच्या भिंतींवर खडूने घोषणा. मागच्या इमारतीची मागणी, ‘पुढच्यांपासून सुटका हवी.’ नाडकर्णींना ही घोषणा वाचून भरून आलं होतं, कारण बोल्झानोचे लोकही त्रेन्तोबद्दल अगदी हेच म्हणत होते. पुढच्या इमारतीतली एक मुलगी मागच्या इमारतीत लग्न करून गेली तेव्हा तिचं मत कुठल्या यादीत, यावर तीन सभा झाल्या. मुलगी स्वतः म्हणाली, “माझं मत मला विचारून तरी बघा ना!” पण तो विषय कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता.

माझ्या अंगावर हे प्रकरण आलं ते कपाटामुळे.

सोसायटीचे कागद, शिक्का, घंटा असं सगळं एका लोखंडी कपाटात असायचं. मुदतीचा पहिला अर्धा भाग ते पुढच्या इमारतीच्या जिन्याखाली, दुसरा अर्धा मागच्या इमारतीच्या. अर्धी मुदत सरली की राजधानी हलवायची. त्या सकाळी मागच्या इमारतीने तोरण बांधलं, पेढे आणले. हमालांनी कपाट उचललं. बरोबर अंगणाच्या मध्यावर पुढच्या इमारतीचे पुढारी टिपणीस आडवे झाले. टिपणीस पोस्टात होते, तारखेच्या बाबतीत कडक.

“मुदत निवडणुकीपासून धरायची नाही, पहिल्या सभेपासून धरायची. अजून अर्धी झालेली नाही. कपाट मागे घ्या.”

मागच्या इमारतीचे मावजीभाई दुकान बंद ठेवून आले होते. ते म्हणाले, “टिपणीसभाय, पेढा खाल्ला तुमी. आता मागे कसा जायेल?”

“पेढा मी प्रसाद म्हणून खाल्ला, मान्यता म्हणून नाही.”

दुपार झाली. हमालांनी थोडा वेळ ऐकून घेतलं, मग कपाट तिथेच ठेवलं आणि ते जेवायला गेले ते परत आले नाहीत. कपाट पुढे जाईना, मागे जाईना. आठवडा झाला, दुसरा झाला. शेवटी कपाट गंजतंय हे बघून फिलोमिनाबाईंनी आपला दीर आणि त्याचे मुलगे बोलावले, कपाट उचलून आपल्या ओट्यावर ठेवलं आणि वर कोंबड्यांची पाटी मांडली. अशा रीतीने राजधानी लादिन लोकांच्या ताब्यात गेली. शिक्का हवा असला की दोन्ही इमारतींना ओट्याच्या पायरीशी उभं राहावं लागे, आणि कपाटावर कोंबडी अंड्यांवर बसली असली तर बाई दार उघडू देत नसत.

“ती उठली का या. तिला उठवून मी शिक्का देनार नाय.”

असंच चाललं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पाण्याचं संकट आलं. नळाला दाब उरला नाही. वरच्या मजल्यांवर थेंब चढेना. बायका कळशा घेऊन जिने चढू लागल्या. विहिरीवर पंप बसवून दोन्ही इमारतींच्या टाक्यांत पाणी चढवायचं, हा उपाय कुणालाही सुचला असता. सुचलाही. प्रश्न आला पंपाची खोली कुठे बांधायची. पुढच्यांच्या बाजूला बांधली तर मागच्यांचं पाणी पुढच्यांच्या हातात. मागच्यांच्या बाजूला बांधली तर उलट. ठराव दोनदा आला आणि दोनदा पडला.

तिसऱ्या वेळी कुणाला तरी तिसरी जागा दिसली. विहिरीला खेटून, दोन्ही इमारतींपासून सारख्याच अंतरावर, अगदी तटस्थ. तिथे फक्त एक कौलारू घर उभं होतं.

सोसायटीच्या इतिहासात पहिल्यांदाच दोन्ही इमारतींचं वेगवेगळं बहुमत एका ठरावाला मिळालं. फिलोमिनाबाईंचं घर पाडावं, त्यांना मागच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक खोली द्यावी, आणि पंपखोली बांधावी. टिपणीस आणि मावजीभाईंनी त्या दिवशी एकमेकांना टाळी दिली. फिलोमिनाबाईंनी खास कलमावर बोट ठेवलं आणि हात वर केला. विरोधात. एक मत, आणि ठराव पडला.

नियमाप्रमाणे प्रकरण आता रोमला जायला हवं होतं. आमचा शिपाई सावंत एके दिवशी पाकीट घेऊन आला.

“साहेब, पत्ता आपला हा, पन नाव रोमचा हा. परत धाडू काय?”

पाकिटावर लिहिलं होतं, ‘मा. रोम, घाटकोपर, यांच्या सेवेशी.’ आत लिहिलं होतं की दोन्ही प्रांत एकमताने प्रार्थना करतात, रोमने लवकर निकाल द्यावा.

मी संतापलो. मी नियमाचा माणूस. कायद्याचं पुस्तक काढलं आणि दोन मिनिटांत निकाल माझ्यापुढे लख्ख होता. पोटनियम आमच्याकडे मंजूर झालेलेच नाहीत, तेव्हा ते पोटनियमच नाहीत. त्रेन्तो नाही, बोल्झानो नाही, लादिन नाही, खास कलमही नाही. साधं बहुमत चालेल. चार ओळींचा हुकूम काढला की हा सगळा पोरखेळ बंद. तोंडावर सांगून यावं म्हणून मी मुलुंडला गेलो.

अंगणात दोन्ही इमारतींची माणसं समोरासमोर खुर्च्या टाकून बसली होती, लग्नात वर-वधूपक्ष बसतात तशी. मला मधोमध बसवलं. मावजीभाईंनी हार घातला. मी चिडून तो काढायला गेलो तर टिपणीस म्हणाले, “थांबा, आमचा हार राहिलाय.” दुसरा हार गळ्यात पडला. मी सांगितलं, घर बघतो, मग बोलतो.

नाडकर्णी माझ्या मागून ओट्यापर्यंत आले. चेहरा उतरलेला. हळूच म्हणाले, “साहेब, तुम्ही काय म्हणणार ते मला ठाऊक आहे. नियम मंजूर नाहीत, म्हणून रद्द. बरोबर?”

“बरोबर. हा खेळ तुम्हीच मांडलात, नाडकर्णी.”

“मांडला. हौस म्हणून मांडला, कबूल. पण आता म्हातारीचं घर त्या खेळावरच उभं आहे हो. दुसरं काय आहे तिच्याकडे? तुम्ही रद्द म्हणालात की साधं बहुमत. उद्या सकाळी पहारी येतील.”

मी आत गेलो. फिलोमिनाबाई चुलीपाशी होत्या. घर म्हणजे एक खोली, मागे न्हाणी, भिंतीवर मरियाबाईची तसबीर आणि नवऱ्याचा फोटो. त्यांनी मला पाट दिला, चहा दिला. मग म्हणाल्या, “सायबा, मना तुमच्या इटलीचा कय कलत नाय. मना इतकाच कलतं, हात वर केला का घर राहतं. म्हनून मी हात वर करते.”

माझे वडील मराठवाड्यातून येऊन रेल्वेच्या गँगमध्ये लागले होते. त्यांना वाचता येत नव्हतं. तरी राज्यघटनेचं मराठी पुस्तक त्यांनी विकत आणून आमच्या विक्रोळीच्या खोलीत फळीवर ठेवलं होतं आणि त्या फळीवर ते दुसरं काही ठेवू देत नसत. मी म्हणायचो, “बाबा, तुम्हाला वाचता येत नाही, मग कशाला?” ते म्हणायचे, “जे जास्ती असतात ते नियमाबिगर बी जगतात. नियम लागतो आपल्याला.” हे सगळं मला त्या पाटावर बसून आठवायला नको होतं. मी तिथे हुकूम सांगायला गेलो होतो. पण आठवलं. इतका वेळ मी ज्याला पोरखेळ म्हणत होतो, त्याच्या आड एक म्हातारी बाई बसली होती, आणि तिला तो माझ्यापेक्षा नीट समजला होता.

“बाई, पण पाणी तर पाहिजे ना लोकांना?” मी म्हटलं. “वरच्या मजल्यावरच्या बायका कळशा वाहतायत.”

“त्ये मना दिसत नाय काय? पंप माझ्या न्हानीत बसवा. विहीर त्या भिंतीपल्याडच हाय. घर पाडून खोली बांधायची, तर बांधलेली खोली कय वाईट हाय?”

“आणि पंप चालू कोण करणार?”

“मी करन. आज पयला पुढच्यांना, उद्या पयला मागच्यांना.”

नाडकर्णी दारात उभे होते. त्यांचे डोळे पाण्याने भरले. “आळीपाळी!” ते म्हणाले. “साहेब, हीच तर घटना!”

बाहेर येऊन मी हे मांडलं तेव्हा दोन्ही बाजू बराच वेळ त्यात खोट शोधत बसल्या. सापडेना. न्हाणी दोन्ही इमारतींपैकी कुणाचीच नव्हती. टिपणीसांनी विचारलं, बाई आजारी पडल्या तर? मावजीभाईंनी विचारलं, बाई पुढच्यांच्या बाजूने झाल्या तर? मागून एक बाई ओरडली, “अहो, आधी पाणी येऊ द्या, मग काय ती बाजू घ्या!” तशा सगळ्या बायका, पुढच्या आणि मागच्या, एकदम बोलायला लागल्या आणि पुरुषांचं काही चाललं नाही. पंप न्हाणीत बसवायचं ठरलं.

“पण हे तात्पुरतं,” टिपणीस म्हणाले. “मूळ प्रकरणाचा निकाल रोमने द्यायचाच आहे.”

“बराबर,” मावजीभाई म्हणाले. “घर तोडायचा का नाय, ते लेखी पायजे.”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. दोन हार घातलेला मी, उकाड्याने घामाघूम. खरं बोललो तर घर जातं. नियम वैध आहेत म्हणालो तर धडधडीत खोटं, आणि माझी नोकरी जाते. तेव्हा मला आमच्या खात्याची सगळ्यात जुनी विद्या आठवली. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “प्रकरण गंभीर आहे. विचाराधीन ठेवतो.”

नाडकर्णींनी टाळ्या वाजवल्या. ते सगळ्यांना सांगू लागले की खरं रोमही अगदी असंच करतं, बोल्झानोची प्रकरणं तिथे वर्षानुवर्षं पडून असतात.

पंप बसला. सकाळी उठून बाई खटका दाबायच्या, एक दिवस पुढच्यांना आधी, एक दिवस मागच्यांना. कधी चुकल्या नाहीत. पाणी चढताना त्या ओट्यावर बसून दोन्ही इमारतींना शिव्या घालायच्या, आणि कुणी उलट उत्तर देत नसे, कारण खटका आत होता. कपाटही तिथेच राहिलं. सभा अंगणात भरू लागल्या. पुढे बोल्झानोहून नाडकर्णींच्या मित्राचं पत्र आलं की तिथली घटना बदलली, आता बहुतेक अधिकार प्रांताकडून काढून दोन भागांना वेगवेगळे दिलेत, मधली विधानसभा नावापुरती उरली. नाडकर्णी दोन दिवस जेवले नाहीत. मग म्हणाले, “त्यांना नाही जमलं, साहेब. आपल्याला जमलं.”

मी मात्र अडकलो होतो. दर वर्षी टिपणीस आणि मावजीभाई यायचे, वेगवेगळे, आणि विचारायचे, रोमचं काय झालं? मी म्हणायचो, विचार चालू आहे. वरचे साहेब विचारायचे, ही फाईल का लोंबकळते? मी म्हणायचो, गुंतागुंतीचं आहे, परकीय कायद्याचा प्रश्न आहे. ते घाबरून गप्प बसत. माझी बढती दोनदा हुकली. प्रलंबित प्रकरणांच्या यादीत माझं नाव कायम वर असे, आणि ज्या माणसाने उभ्या नोकरीत टेबलावर कागद शिळा होऊ दिला नाही त्याला हे लागायचं. खोटं कशाला बोलू? फार लागायचं.

एकदा तपासणीच्या निमित्ताने मुलुंडला गेलो तेव्हा बाई बऱ्याच थकलेल्या होत्या. भिंतीला धरून ओट्यावर आल्या.

“सायबा, विचार झाला?”

“नाही बाई. चालूच आहे.”

“करा,” त्या म्हणाल्या. “चांगला करा. माझा होईस्तवर करा.”

बाई गेल्या तेव्हा मी कचेरीतच होतो. सावंतने निरोप आणला. मी विचार केला, आता काय, आता हुकूम काढायला हरकत नाही, माणूसच नाही तर संमती कुणाची? कागद पुढे ओढला, पण त्या आठवड्यात काही हात चालला नाही. पुढच्या सोमवारी सकाळी कचेरीच्या दारात टिपणीस आणि मावजीभाई उभे. दोघं एकत्र, पहिल्यांदाच. मागे नाडकर्णी. माझ्या लक्षात आलं, घर पाडायची परवानगी मागायला आलेत. मी इतका कडवट झालो की त्यांना बसाही म्हणालो नाही.

“दम तरी धरायचा,” मी म्हटलं. “तिची माती तरी सुकू द्यायची.”

टिपणीसांनी कागद पुढे केला. ठराव होता. पुढच्या इमारतीचं वेगळं बहुमत, मागच्या इमारतीचं वेगळं बहुमत. कोपऱ्यात शिक्का. मयत सभासदाची भाची ॲग्नेस मनोरीहून राहायला आली असून ती पंप चालवते आणि तिसऱ्या घराची जागा तिला देण्यात आली आहे. तरी रोमला विनंती की सदर प्रकरणी कोणताही निर्णय देण्यात येऊ नये आणि विचार आहे तसा चालू ठेवावा.

मी कागद दोनदा वाचला. मावजीभाई खिडकीबाहेर बघत होते.

“साहेब,” ते म्हणाले, “तिकडे कोणतरी पायजे. नायतर आमी दोघे एकमेकाला खाऊन टाकू.”

कामं लवकर करा म्हणून माझ्याकडे हजारो अर्ज आले. काम करू नका अशी लेखी, एकमुखी मागणी आली ती ही एकच. मी कागदाला पोच दिली, फाईल बांधली आणि निवृत्तीच्या दिवसापर्यंत त्या लोकांचं म्हणणं तंतोतंत पाळलं.